खोली गेली

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापुरात माझ्या वयाच्या माणसापुढं 'भोंगा' शब्द काढला, तर त्याला आधी गिरणी आठवते. माझे वडील साचा खात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. पहाटेचा पहिला भोंगा झाला की आई स्टोव्ह पेटवायची. दुसऱ्याला वडील डबा अडकवून सायकलवर बसलेले असायचे. त्यानंतरही आम्ही पोरं अंथरुणात दिसलो, की पाठीत धपाटा. आमच्या गल्लीत पद्मशाली होते, मोमीन होते, लिंगायत होते, मराठे होते, भोंगा मात्र सगळ्यांचा एकच. आता मी 'भोंगा' म्हटलं की नातू विचारतो, "कुणाचा?" २०२२ साली ह्या एका शब्दावरून राज्यभर राजकारण किती तापलं, ते तुम्ही पाहिलंच आहे.

गिरण्यांचं सोनं करून सांगायचं नाहीये मला. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचा खात्यात उभं करत नसत. कारण काय, तर मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि तोच धोटा पुढं दुसऱ्याच्या तोंडाला लागे. म्हणजे विटाळ भोंग्याच्या आतही होताच. तेव्हा 'पूर्वी सगळं छान होतं' असं म्हणणाऱ्यांत मला धरू नका.

पण वैताग आलाय, हे खरं. आणि दुसऱ्यांची लफडी सांगायला सोपी असतात, म्हणून आधी माझंच सांगतो.

आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक खोली आहे. बाहेरून जिना, एक ओटा, न्हाणी, बस्स. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत ती रिकामी झाली. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर मी निळ्या मार्करनं 'खोली भाड्याने देणे आहे' असं लिहिलं आणि पाटी जिन्याच्या कठड्याला सुतळीनं बांधली. तिसऱ्या दिवशी एक पोरगा आला. पंचविशीचा असेल. तालुक्याच्या गावचा, इथं एका दवाखान्यात रक्त तपासायच्या लॅबमध्ये नुकताच लागलेला. चपला खालीच काढून वर आला. सोलापुरात खोली बघायला आलेला माणूस आधी पाण्याचं विचारतो, मग भाड्याचं. त्यानंही तेच विचारलं, "काका, पाण्याचं कसं?" मी म्हटलं, चार दिवसांनी येतं, पण टाकी मोठी आहे. उजनी धरण भरलं काय नि न भरलं काय, आमच्या नळाला त्याचं काही सोयरसुतक नसतं, यावर दोघंही हसलो. भाडं ठरलं. बायकोनं चहा आणला. आणि मग मी नाव विचारलं.

त्यानं नाव सांगितलं. आडनाव विचारायची गरज उरली नाही.

"अरे हां," मी म्हटलं, "सांगायचंच राहिलं बघ. सकाळीच एकानं ॲडव्हान्स दिलाय. खोली गेली."

दोन मिनिटांपूर्वी मी त्याला टाकीचं झाकण उघडून दाखवलं होतं. कपात अजून निम्मा चहा होता. त्यानं तो घाईघाईनं संपवला नाही, तसाच टाकूनही उठला नाही. नीट प्यायला, कप बशीत ठेवला, बायकोला "येतो काकू" म्हणाला. जिना उतरताना कठड्यापाशी थांबला. पाटी एका बाजूनं सुटून लोंबत होती. ती त्यानं सरळ केली आणि वर बघून म्हणाला, "काका, पाटी काढून ठेवा. लोकं उगंच जिना चढतात."

टोमणा असता तर बरं झालं असतं. मला तरी तो टोमणा वाटला नाही. त्याला सवय असावी.

हे झालं दहा जानेवारीला. बारा जानेवारीला सकाळी मी चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी, चार पुतळ्याला. बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगतो, मे १९३० मध्ये महात्मा गांधींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं. ९, १०, ११ मे असे तीन दिवस शहरात इंग्रजांची सत्ता चालली नाही. १२ मेपासून मार्शल लॉ लागला तो जूनअखेरपर्यंत. त्यातून मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन ह्या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. एक लिंगायत, एक मराठा, एक मारवाडी, एक मुसलमान. कुर्बान हुसेन तर नुकते विशीत आलेले.

मी हार घातला. मग दोन शब्द बोलायला उभं केलं, तेही बोललो. सोलापूरची माती, चार जातीधर्मांची माणसं, दोर एक. टाळ्या पडल्या. घरी येऊन जिन्याशी चपला काढताना पाटी दिसली. दोन दिवसांपूर्वी त्या पोरानं सरळ केलेली, तशीच. खोली 'गेलेली', आणि पाटी जागच्या जागी.

बायकोनं फक्त विचारलं, "भाषण चांगलं झालं का?"

ती खोली पुढं तीन महिने रिकामी राहिली. मग आला एक 'आपला'. सहा महिन्यांनी दोन महिन्यांचं लाइटबिल थकवून रातोरात गेला. जाताना नळाची तोटीसुद्धा काढून नेली. असो, ते वेगळं पुराण.

तर असा मी. आता इतरांबद्दल बोलायला मोकळा.

आई शेवटच्या आजारपणात होती, तेव्हाची गोष्ट. मिरवणूक आमच्या गल्लीत शिरली आणि कोपऱ्यावर थांबली. कुठली मिरवणूक ते सांगत नाही, आपल्याकडं वर्षभर कुणाची ना कुणाची असतेच, आणि आवाजात कुणी कुणाला हार जात नाही. मांडणीवरची ताटं आपोआप वाजायला लागली. आईच्या छातीवर मी हात ठेवला, तर तिच्या काळजाचा ठोका कुठला आणि डीजेचा कुठला, ते कळेना. खाली गेलो. पोरांना हात जोडून म्हटलं, जरा पुढं न्या. त्यातला एक म्हणाला, "काका, धर्माचं काम आहे. वर्षातनं एकदा." त्या वेळी भिंतीएवढ्या स्पीकरवर जे गाणं वाजत होतं, ते आईसमोर गुणगुणायचीसुद्धा मला लाज वाटली असती.

कायदा साधा आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. आपण समोरासमोर बसून बोलतो तोच आवाज साठच्या आसपास जातो, यावरून काय ते समजा. दवाखान्याच्या भोवती शंभर मीटर शांतता. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद, आणि सरकारनं सवलत दिलीच तर वर्षातले फार तर पंधरा दिवस, तेही बारापर्यंत. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं स्पष्टच सांगितलं, की लाउडस्पीकर हा कुठल्याच धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. राज्यघटनेच्या ज्या २५व्या कलमाचा आधार सगळे घेतात, त्याची सुरुवातच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अटीनं होते. हक्क त्याच्या पुढं येतो. आपण सुरुवात गाळून वाचतो.

त्या पोरांत एक होता, त्यानं मुकाट्यानं आवाज कमी केला. त्याला बाकीच्यांनी जे ऐकवलं, ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही. आणि खरी गंमत पुढं आहे. महिन्याभरानं दुसऱ्यांची मिरवणूक आली. तेव्हा हीच पोरं कट्ट्यावर बसून मोबाइलमधल्या ॲपवर डेसिबल मोजत होती. "काका, बघा बघा, नव्वदच्या वर! ह्यांना काही कायदा हाय का नाय?" माझी खात्री आहे, दुसऱ्या बाजूच्या गल्लीतही असंच एक ॲप असणार.

ह्याच पोरांच्या आणि माझ्याही मोबाइलवर सकाळी देवाच्या फोटोसह शुभ सकाळ येतं, अवघं विश्व माझं घर वगैरे. दुपारी त्याच ग्रुपवर येतं, अमक्यांकडून भाजी घेऊ नका. पाठवणारा माणूसही तोच. माझ्या लग्नात ज्यांचा बँड वाजला, ज्यांनी मांडव घातला, ती माणसं कोण होती हे तेव्हा वडिलांनी विचारलं नव्हतं. त्यांनी फक्त इतकंच विचारलं, की वेळेवर याल ना.

आपल्याच गावाचं ग्रामदैवत बघा. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, ते लग्न कुणाचं? सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचं आणि कुंभारकन्येचं. पांढऱ्या बाराबंदीतले लोक, सात नंदीध्वज, वेगवेगळ्या समाजांकडं त्यांचे मान, कानडीत म्हटली जाणारी संमती. 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' झालं की मराठी, तेलुगू, कानडी बोलणारे हात एकदम वर जातात आणि तांदळाचा पाऊस पडतो. योगी एका घरचा, मुलगी कुंभाराची. शेकडो वर्षं दर संक्रांतीला आपण ह्या लग्नाला वऱ्हाडी म्हणून जातो. आणि घरातली मुलगी दुसऱ्या जातीतला मुलगा घेऊन आली, की तेच वऱ्हाडी दारं-खिडक्या लावून बैठक घेतात. मी अशा एका बैठकीला होतो. कोपऱ्यात बसून पोहे खाल्ले, तोंड उघडलं नाही.

सिद्धरामांची एक कथा लिंगायत परंपरेत सांगतात, ती मला अलीकडं फार आठवते. बारावं शतक. सोन्नलगीत, म्हणजे आपल्या सोलापुरात, सिद्धराम तळं खोदवून घेत होते. हजारो माणसं कामाला. तिथं अल्लमप्रभू आले आणि त्यांनी विचारलं, तो खोदकाम करणारा वड्डर कुठंय? एवढ्या मोठ्या योग्याला वड्डर! मजुरांच्या भावना दुखावल्या. आजच्या भाषेत म्हणतोय, पण शब्द चपखल बसतो. त्यांनी अल्लमांवर दगड टाकले. सिद्धरामही आधी संतापूनच आले. मग वाद झाला. अल्लमांचं म्हणणं थोडक्यात असं, की माती उपसण्यात आणि पुण्य साठवण्यातच गुंतलास, आत कधी खोदणार? सिद्धरामांनी ते ऐकून घेतलं. नुसतं ऐकलं नाही, तर अल्लमांबरोबर कर्नाटकातल्या कल्याणला बसवण्णांच्या अनुभव मंटपात, म्हणजे शरणांच्या चर्चासभेत गेले. शिव्या देणाऱ्याचा हात धरून गेले म्हणा ना.

तळं आजही आहे. दगड टाकणारेही आहेत, ते सिद्धरामांच्या नावानंच टाकतात. ऐकून घेणारा तेवढा दिसत नाही. आणि तळ्याचं म्हणाल तर, ज्यानं माणसांच्या पाण्यासाठी ते खोदवलं, त्याच्या पायाशी उभं राहून आम्ही निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी गाठ मारून पाण्यात भिरकावतो. वर नमस्कार करतो. मी बघितलंय, पिशवी तरंगत परत काठाला येते, तोवर माणूस गाडीला किक मारून गेलेला असतो.

इथून सत्तरेक किलोमीटरवर पंढरपूर. साने गुरुजींनी तिथं १ मे १९४७ पासून उपोषण केलं, दहा दिवस, विठ्ठलाचं दार अस्पृश्यांना उघडावं म्हणून. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलं होतं. दार उघडलं. तेव्हा म्हणे काही जणांनी मूर्तीतलं देवपण मंत्रानं एका घागरीत काढून घेतलं, विटाळ नको म्हणून. मला त्या घागरीचं फार कुतूहल आहे. ती पुढं कुठं गेली असेल? मला वाटतं, फुटली नसावी. आमच्या जिन्याखाली नक्की आहे.

पाटीही तिथंच आहे, सिलिंडरच्या मागं, भिंतीकडं तोंड करून. त्या पोराला शोधायचा मी एकदा प्रयत्न केला. लॅबमध्ये गेलो, रक्त तपासायच्या निमित्तानं. तो तिथनं कधीच सोडून गेला होता. शुगर मात्र वाढलेली निघाली.

सध्याचा भाडेकरू ह्या महिनाअखेर जातोय. काल मी पाटी काढली, धूळ झटकली, सुतळी शोधत होतो. बायको ओट्यापाशी होती. वळूनही न बघता म्हणाली, "अहो, ह्या वेळी नाव मी विचारणार. तुम्ही फक्त पाण्याचं सांगा."

नमस्कार.