गॅस पाइपलाइनचा पर्यावरण अहवाल हातात आला, तर आधी काय बघायचं?

नमस्कार मंडळी.

समजा, उद्या पेपरात जाहिरात आली की रबाळ्याच्या एमआयडीसीतून ठाणे खाडी ओलांडून कोपरीपर्यंत नवी गॅस पाइपलाइन टाकणार आहेत. तिच्या पर्यावरण अहवालावर महिन्याभराने जनसुनावणी आहे. तुम्ही अहवाल उघडता आणि समोर शेकडो पानं. तक्ते, नकाशे, परिशिष्टं. कुठून सुरुवात करायची?

ही लाइन मी उदाहरणासाठी घेतली आहे, अशी कुठली विशिष्ट योजना माझ्या डोळ्यांसमोर नाही. पण गॅसच्या लाइनी आपल्याकडे नव्या नाहीत. बॉम्बे हायचा गॅस उरणला किनाऱ्यावर येतो. दहेजहून एक लाइन उरण-पनवेलकडे आली आहे, दाभोळहून एक पनवेलला येते. आणि उद्या आणखी लागतीलच, कारण कारखान्यात फर्नेस ऑइल जाळण्यापेक्षा गॅस जाळला तर हवा कमी खराब होते. तेव्हा आजचा व्हिडिओ पाइपलाइनच्या विरोधात नाही. ती कुठून न्यायची आणि कशी टाकायची, याबद्दल आहे.

(पडद्यावर: ऐरोली ते वाशी खाडीचा नकाशा)

आधी नकाशा उघडा. कारण अहवाल करावा लागणार की नाही, हेच मुळात नकाशावरची रेघ ठरवते. १४ सप्टेंबर २००६ ची केंद्राची जी ईआयए, म्हणजे पर्यावरणावरील परिणाम तपासण्याबद्दलची, अधिसूचना आहे, तिच्यात कुठल्या प्रकल्पांना आधी पर्यावरण मंजुरी लागते त्याची यादी आहे. गॅसची पाइपलाइन त्या यादीत केव्हा येते? ती राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य, प्रवाळ किंवा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रातून जात असेल तेव्हा. म्हणजे तोच पाइप महापे ते तुर्भे रस्त्याकडेने गेला, तर या अधिसूचनेखाली मंजुरीची गरज नाही. तोच अभयारण्यातून गेला, तर थेट 'अ' वर्गात. मग निर्णय दिल्लीत, केंद्रीय मंत्रालयात.

आता आपली खाडी बघा. ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधला मोठा भाग म्हणजे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य. २०१५ साली जाहीर झालं, क्षेत्र जवळपास १७ चौरस किलोमीटर. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. आपली लाइन रबाळ्याहून सरळ पश्चिमेला काढली तर अभयारण्यात शिरते. ऐरोली पुलाच्या उत्तरेने वळवली तर अभयारण्य टळू शकतं, पण त्याच्या भोवतीचा संवेदनशील पट्टा २०२१ मध्ये अधिसूचित झाला आहे, तो वेगळा तपासायचा. पलीकडे ठाण्यात घोडबंदर रोडच्या बाजूला गेलात तर येऊर, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. आपल्या भागात सरळ रेघ ओढणं इतकं अवघड आहे. म्हणून अहवालात 'पर्यायी मार्ग' नावाचं प्रकरण असतं, ते नीट वाचा. पर्याय खरोखर तपासलेत, की दोन अशक्य मार्ग दाखवून तिसरा आपोआप योग्य ठरवलाय, हे पाच मिनिटांत कळतं.

बाकीच्या परवानग्या पटकन सांगते. २०१९ च्या सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, अधिसूचनेखाली किनारा प्राधिकरणाची. अभयारण्यात शिरली तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची. वनजमीन असेल तर वन कायद्याखाली. आणि खारफुटीला हात लावायचा असेल तर मुंबई उच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१८ चा निकाल आहे: सार्वजनिक हिताचं काम असल्याशिवाय खारफुटी तोडता येत नाही, तिच्याभोवतीच्या ५० मीटरमध्ये बांधकाम नाही, आणि अपवाद हवा असेल तर न्यायालयात जावं लागतं.

आता मुख्य मुद्दा. त्याच्यासाठीच हा व्हिडिओ करते आहे.

अशा अहवालात झाडांचा तक्ता हमखास असतो. एवढी झाडं तोडणार, त्याच्या अमुक पट लावणार. लोक सुनावणीत त्याच तक्त्यावर भांडतात. मला वाटतं, खाडीच्या बाबतीत हा तक्ता सगळ्यात कमी कामाचा आहे. खाडीत नुकसान कुऱ्हाडीने होतं त्याहून जास्त पाणी अडल्यामुळे होतं.

कसं ते सांगते. पाइप पुरायचा म्हणजे पोकलेन, क्रेन, वेल्डिंगचं सामान, सगळं तिथे न्यावं लागतं. चिखलात यंत्र उभं राहत नाही, रुततं. म्हणून मुरूम टाकून तात्पुरता रस्ता करतात. अहवालात त्याचा उल्लेख एका ओळीत असतो, कधी तेवढाही नसतो. पण हा रस्ता चिखलात पडला की तो बांध होतो. भरतीचं पाणी त्याच्या अलीकडे यायचं थांबतं. तिवरांची, म्हणजे खारफुटीच्या झाडांची, श्वासमुळं चिखलातून वर आलेली असतात. भरतीला ती पाण्याखाली जातात, ओहोटीला उघडी पडतात, त्यावर त्यांचा श्वास चालतो. पाणी येणंच बंद झालं तर जमीन सुकते. पावसाचं पाणी साचून राहिलं तर मुळं गुदमरतात. दोन्हीत झाड मरतं, पण लगेच नाही, काही महिन्यांनी. तोवर काम संपलेलं असतं. तक्त्यात त्या पट्ट्यापुढे लिहिलेलं असतं 'झाडे तोडली: शून्य', आणि ते खरंही असतं!

खाडीकाठच्या आपल्या माणसांना हे शिकवावं लागत नाही. खारजमिनीला बांध घालणारे आगरी शेतकरी बांधाला उघाडी, म्हणजे पाण्याचं दार, ठेवायचे, पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर पडावं म्हणून. दिवाळ्याच्या, ऐरोलीच्या, घणसोलीच्या कोळ्यांना विचारा, खाजणात, म्हणजे भरतीच्या पाण्याच्या दलदलीत, पाणी कुठल्या नाळेने शिरतं आणि कुठून बाहेर पडतं. निवटी मासळी कुठे मिळते, चिंबोरी कुठल्या बिळात. ती माहिती अहवालात यायला हवी, आणि ती विचारायला कोणीतरी ओहोटीच्या वेळी गावात यायला हवं.

तेव्हा प्रश्न असे विचारा. तात्पुरता रस्ता किती लांब, कुठल्या चेनेजपासून कुठपर्यंत? चेनेज म्हणजे लाइनवरची किलोमीटरची खूण, नकाशावर आकडे लिहिलेले असतात. रस्त्याखाली पाणी जायला मोऱ्या किती, किती रुंदीच्या? काम झाल्यावर रस्ता काढणार केव्हा, आणि काढलेला मुरूम टाकणार कुठे? आणि तो मुरूम आणणार कुठून? कारण इथली खाडी भरायला तिकडची एखादी टेकडी पोखरली जाते. रस्ते, पाइपलाइन अशा कामांसाठी साधी माती काढायला २८ मार्च २०२० च्या अधिसूचनेने पर्यावरण मंजुरीतून सरसकट सूट दिली होती. ती सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ ला रद्द केली. म्हणजे किती घनमीटर माती लागणार, हा प्रश्न फालतू नाही.

यावर कंपनीचं उत्तर बहुतेक वेळा असं येतं: आम्ही खाडी खोदणारच नाही, खालून ड्रिल करणार. याला एचडीडी म्हणतात, आडवं ड्रिलिंग. एका काठावरून भोक पाडत खाडीच्या तळाखालून दुसऱ्या काठाला निघायचं आणि पाइप आतून ओढून घ्यायचा. उघडं चर खणण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, माझं मत विचाराल तर खाडीत हेच हवं. पण परिणाम शून्य होत नाही. ड्रिल करताना बेंटोनाइट नावाची माती पाण्यात कालवून दाबाने आत सोडतात. तळ मऊ असेल, ड्रिल पुरेसं खोल नसेल, तर तो गाळ फटीतून वर येतो. बेंटोनाइट विषारी नसतं, पण चिखलातल्या किड्यांवर, शिंपल्यांवर त्याचा थर बसला की ते गुदमरतात. फ्लेमिंगो त्याच चिखलातलं शेवाळ आणि बारीक जीव खातात. म्हणून बघायचं: तळाची बोअर घेऊन तपासणी केली आहे का, ड्रिल तळाखाली किती मीटर, दोन्ही टोकांचे खड्डे खारफुटीच्या किती जवळ, आणि गाळ वर आला तर काम थांबवायचा अधिकार जागेवर कोणाला.

अजून एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. पाइप सुरू करण्याआधी त्यात पाणी भरून दाबाची चाचणी घेतात. २४ इंची पाइप असेल तर एका किलोमीटरला अडीच लाख लिटरहून जास्त पाणी लागतं. चार किलोमीटर म्हणजे दहा लाखांच्या वर. त्यात गंज लागू नये म्हणून रसायनं घालतात. हे पाणी घेणार कुठून आणि सोडणार कुठे? 'जवळच्या नाल्यात' असं उत्तर आलं, तर तो नाला खाडीलाच मिळतो, हे त्यांना सांगा.

आता महिने बघा. पाण्याचे, पक्ष्यांचे, माशांचे नमुने कुठल्या महिन्यांत घेतले ते अहवालात दिलेलं असतं. बऱ्याचदा एकाच हंगामाचे, आणि पावसाळा सोडून. आता कोकणात पावसाळा सोडून पाण्याचा अभ्यास करायचा, तर अभ्यास कशाचा केला? २६ जुलै २००५ ज्यांनी ठाण्यात पाहिलाय त्यांना विचारा. मासे पावसाळ्यात अंडी घालतात, म्हणून जून-जुलैत समुद्रात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. आणि नेमका तोच काळ अहवालात नाही. उलट ऑक्टोबरात नमुने घेतले तर फ्लेमिंगोंचे थवे अजून आलेलेच नसतात. ते साधारण नोव्हेंबरनंतर येतात आणि मेपर्यंत राहतात.

यातून खरा पेच उभा राहतो. कंत्राटदाराला कोरडे महिने हवेत, आणि कोरडे महिने म्हणजेच फ्लेमिंगोंचे महिने. याचं सोपं उत्तर नाही. पण कामाचं वेळापत्रक, रात्रीचे दिवे, यंत्रांचा आवाज यांचा विचार अहवालात केला आहे की नाही, हे तर विचारता येतं.

जमीनवाल्यांसाठी थोडक्यात: पाइपलाइनसाठीच्या १९६२ च्या कायद्याखाली कंपनी जमीन घेत नाही, वापराचा हक्क घेते. सातबाऱ्यावर नाव तुमचंच. पण त्या पट्ट्यात घर, विहीर, झाड काही करता येत नाही. त्या हक्काचा मोबदला जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के. हरकत घ्यायला अधिसूचनेपासून २१ दिवस.

सुरक्षेचं प्रकरणही सोडू नका. २०१४ च्या जूनमध्ये आंध्रातल्या नगरम गावात गॅसची लाइन फुटून वीसहून अधिक माणसं गेली. आपल्याकडे रस्ता कोणी ना कोणी सतत खणत असतो, तेव्हा लाइनवरच्या व्हॉल्व्हमध्ये अंतर किती आणि गळती कळते कशी, हे स्पष्ट हवं. गळलेला मिथेन, म्हणजे या गॅसचा मुख्य घटक, हवामानालाही महाग पडतो: वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून जास्त उष्णता धरतो. फर्नेस ऑइल सोडून हवामानाला मिळालेला फायदा गळतीत जाऊ शकतो.

आता सुनावणी. प्रदूषण नियंत्रण मंडळ ती घेतं, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हाधिकारी. नोटीस किमान ३० दिवस आधी हवी आणि अहवालाचा सारांश मराठीत मिळायला हवा. कोरम लागत नाही, चार जण असले तरी सुनावणी होते, म्हणून जा. कोळीवाड्यातल्या मंडळींना सोबत घ्या आणि आधी त्यांना बोलू द्या. शेवटी मुद्द्यांचं टिपण तिथेच समजावून सांगायचं असतं, तोवर थांबा. तुमचा मुद्दा त्यात नसेल तर तिथेच उठून सांगा.

आणि बोलाल ते लेखीही द्या. 'पर्यावरण वाचवा' एवढंच लिहू नका. असं लिहा: 'चेनेज अमुक ते अमुक या भागातल्या तात्पुरत्या रस्त्याने भरतीचे पाणी अडेल. मोऱ्यांची संख्या, रुंदी आणि रस्ता काढण्याची तारीख मंजुरीच्या अटींमध्ये घालावी. काम संपल्यावर दोन पावसाळे या पट्ट्यातील खारफुटीची पाहणी करून अहवाल जाहीर करावा.' खाली नाव, सही, तारीख. दोन प्रती न्या, आणि एकीवर शिक्क्यासकट पोच घेऊनच बाहेर पडा.