नव्या पोपटाचा पहिला महिना

श्रोतेहो, नमस्कार. आधी कायद्याचं बोलून घेऊ. आपला हिरवा, लाल चोचीचा देशी पोपट १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. तो पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे, मग तो कितीही मायेने सांभाळलेला असो. म्हणून आज बोलायचं आहे ते कॉकाटील, कॉन्युअर अशा परदेशी जातींबद्दल. असे पक्षी अनेकदा दुसऱ्याच्या घरून आपल्याकडे येतात. कॉन्युअर किंवा आफ्रिकन ग्रे हा करडा पोपट घेत असाल, तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवरच्या नोंदणीचे कागद आधीच्या मालकाकडून मागून घ्या.

पक्षी आजार लपवतो. थव्यात दुबळा दिसणारा आधी शिकार होतो, ही भीती त्याच्या रक्तातच असते. तो फुगून बसलेला दिसतो, तोवर बराच उशीर झालेला असतो. म्हणून डोळ्यांपेक्षा वजनकाट्यावर भरवसा ठेवा. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो. त्यावर छोटी दांडी ठेवून आकडा शून्यावर आणा आणि रोज सकाळी, पहिली विष्ठा टाकल्यावर पण दाणे देण्याआधी, वजन वहीत लिहा. कॉकाटील साधारण ८० ते १०० ग्रॅमचा असतो. नव्वदचा पक्षी एक्याऐंशीवर आला म्हणजे दहा टक्के वजन गेलं, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

‘वाटी भरलेली आहे, म्हणजे खातोय’ या समजुतीने कितीतरी पक्षी दगावतात. वाटीवर एक फुंकर मारून बघा. वरची टरफलं उडाली की खाली कधी कधी एकही दाणा नसतो.

पिंजऱ्याच्या तळाला वर्तमानपत्र घाला, भुसा नको, कारण भुशात विष्ठा दिसत नाही. निरोगी विष्ठेत तीन भाग दिसतात: हिरवट घट्ट, पांढरा आणि स्वच्छ पाणी. नव्या जागेच्या धास्तीने पहिल्या दिवशी पाणी जास्त दिसेल, त्याची काळजी नको. पण पांढरा भाग पिवळा-हिरवा झाला, किंवा शांत बसलेला असताना प्रत्येक श्वासाला शेपूट खालीवर हलत असेल, तर थांबू नका.

तसंही पहिल्या आठवड्यात तपासणी हवीच, आणि ती पक्ष्यांची सवय असलेल्या पशुवैद्याकडेच. ताजी विष्ठा सोबत न्या आणि सिटॅकोसिस या पोपटांच्या जिवाणूजन्य आजाराची पीसीआर चाचणी (जंतूचा अंश शोधणारी) मागा. हा आजार वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसालाही होतो. म्हणून पिंजरा झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. घरात कुणाला ताप आणि कोरडा खोकला आला, तर पक्षी पाळल्याचं डॉक्टरांना सांगा. आजार निघाला, तर पक्ष्याला डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सहसा ४५ दिवस देतात. आठवड्यात तरतरी आली म्हणून औषध थांबवलं, की दुखणं उलटतं. औषध चालू असताना पिंजऱ्यात चोच मारायला लावलेलं समुद्रफेन काढून ठेवा, त्यातलं कॅल्शियम औषध अंगी लागू देत नाही. घरात आधीचा पक्षी असेल, तर नवा निदान ३० दिवस वेगळ्या खोलीत ठेवा आणि त्याचं काम शेवटी करा.

मुंबईच्या घरात हॉल आणि स्वयंपाकघर हाकेच्या अंतरावर असतात, आणि धोका तिथेच आहे. नॉनस्टिक तवा रिकामा तापला, तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो. अगरबत्ती, मच्छरची कॉइलसुद्धा त्याच्या खोलीत नको. पिंजऱ्याबाहेर काढताना छताचा पंखा बंद हवा. पावसाळ्यात शेंगदाणे, सूर्यफुलाच्या बिया दमट होऊन बुरशी धरतात. त्या थोड्याच आणा, फ्रीजमध्ये ठेवा, कुबट वास आला तर सरळ फेकून द्या.

पिंजरा एका बाजूला भिंत असेल असा, डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. रात्री दहा-बारा तास झोप हवी, पण कॉकाटीलला मिट्ट काळोख नको. अंधारात दचकला तर पंख आपटून जखमी होतो, म्हणून झिरोचा दिवा लावा. आधीच्या घरी जे खात होता तेच पंधरा दिवस द्या. गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला हळूहळू वाढवा.

पहिले तीन दिवस हात आत घालू नका. शेजारी बसून हलक्या आवाजात बोलत राहा, मग राळ्याचं कणीस गजांतून पुढे करा. एखाद्या संध्याकाळी तो एक पाय पोटाशी घेऊन, डोळे अर्धे मिटून चोच कुरकुर घासायला लागेल. तो आवाज आला, की दुसऱ्या दिवशी पिंजऱ्याचं दार उघडून बघायला हरकत नाही.