चार राजीनामे, चार पोटनिवडणुका आणि हातची गेलेली बेगा

१२ फेब्रुवारी २०२२. ऑस्ट्रेलियातलं न्यू साउथ वेल्स राज्य. एकाच दिवशी चार पोटनिवडणुका, आणि चारही जागा राजीनाम्यांनी रिकाम्या झालेल्या. राजीनामे कोणाचे, ऐका. प्रीमियर, म्हणजे तिथल्या मुख्यमंत्री, ग्लॅडिस बेरेजिक्लियन. उपमुख्यमंत्री जॉन बॅरिलारो. वाहतूकमंत्री अँड्र्यू कॉन्स्टन्स. आणि विरोधी लेबर पक्षाच्या माजी नेत्या जोडी मॅके.

बेरेजिक्लियन यांची चौकशी भ्रष्टाचारविरोधी आयोगाने जाहीर केली आणि त्यांनी त्याच दिवशी राजीनामा जाहीर केला. कॉन्स्टन्स यांचं वेगळंच. त्यांना दिल्ली गाठायची होती! म्हणजे तिकडची दिल्ली हो, कॅनबेरा.

आता मतदान कसं, ते बघा, कारण खरी मजा तिथेच आहे. आपण एक बटण दाबून मोकळे होतो. तिथे मतपत्रिकेवर उमेदवारांना पसंतीक्रम द्यायचा असतो. केंद्रातल्या कनिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत सगळ्यांना क्रमांक द्यावेच लागतात. न्यू साउथ वेल्सच्या विधानसभेला मात्र नुसता १ लिहिला तरी मत वैध. पण तुमचा उमेदवार मोजणीतून बाद झाला, की तुमचं मतही तिथेच थांबतं, पुढे कुणाकडे जात नाही. आणि मतदान सक्तीचं आहे, सबळ कारणाशिवाय टाळलं तर दंड. त्या वेळी कोविड होता, म्हणून सगळ्या मतदारांना मतपत्रिका पोस्टाने घरी पाठवल्या गेल्या.

बेरेजिक्लियन यांच्या विलोबीत लेबरने उमेदवारच दिला नाही. म्हणजे सत्ताधारी लिबरल पक्षाला मैदान मोकळं, असं वाटेल. पण लारिसा पेन या अपक्ष बाईंनी त्यांना चांगलाच घाम फोडला. जागा राहिली, पण कशीबशी. बॅरिलारो यांची मोनारो आणि मॅके यांची स्ट्रॅथफील्ड ज्या पक्षांच्या होत्या त्यांच्याकडेच राहिल्या, तिथे फारसं काही घडलं नाही.

घडलं ते कॉन्स्टन्स यांच्या बेगात. १९८८ मध्ये मतदारसंघ पुन्हा तयार झाल्यापासून तो लिबरल पक्षाकडेच. कॉन्स्टन्स स्वतः २००३ पासून तिथले आमदार. तिथे लेबरचे मायकेल हॉलंड निवडून आले, पेशाने डॉक्टर. ९३ जणांच्या विधानसभेत सरकार आधीच अल्पमतात, त्यात आणखी एक जागा गेली. सरकार पडलं नाही, पण अपक्षांची मनधरणी वाढली.

आणि कॉन्स्टन्स? मे महिन्यात गिलमोरमधून लोकसभेसारख्या तिथल्या केंद्रीय सभागृहासाठी उभे राहिले. ३७३ मतांनी हरले.