हेडस्टॉकवरचा देश

[दृश्य: हेडस्टॉकची मागची बाजू, अनुक्रमांक]

गिटारच्या वरच्या टोकाला, म्हणजे हेडस्टॉकवर, 'मेड इन' पुढे काय लिहिलंय, हे इलेक्ट्रिक गिटार घेणारा सगळ्यात आधी बघतो. अमेरिका, मग जपान, मग मेक्सिको, कोरिया, इंडोनेशिया, चीन. दर्जा याच क्रमानं उतरतो, असं बहुतेक जण धरून चालतात. खरं तर ही उतरंड किमतीची आहे. दर्जा कारखान्यावर ठरतो, आणि त्याहून जास्त, त्या मॉडेलवर किती वेळ खर्च करायचा हे ब्रँडनं ठरवलंय त्यावर.

1982 मध्ये फेंडर या अमेरिकन कंपनीनं जपानमध्ये उत्पादन सुरू केलं. मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यातली 'जेव्ही' अनुक्रमांकाची स्क्वायर आजही जाणकार शोधत फिरतात. स्क्वायर हे फेंडरचं स्वस्त नाव, पण या गिटारची मापं जुन्या अमेरिकन मॉडेल्सवरून काटेकोरपणे घेतलेली होती. आज इंडोनेशियात कॉर्ट ही कंपनी स्क्वायरही बनवते आणि पीआरएस या अमेरिकन ब्रँडची स्वस्त एसई मालिकाही. बनवणारी कंपनी एकच असली तरी दोन्ही हातात घेतल्या की फरक लगेच कळतो.

[दृश्य: सीएनसी यंत्रावर बॉडी कापली जातेय]

लाकूड कापण्यात आता फारसा फरक उरलेला नाही. संगणकानं चालणारी सीएनसी यंत्रं सगळीकडे आहेत. फरक पडतो तो हातानं करायच्या कामात.

[दृश्य: फ्रेटची टोकं, अगदी जवळून]

नेकच्या, म्हणजे गिटारच्या मानेच्या, कडेवरून बोट फिरवून बघा. टोचतंय? कोरड्या हवेत लाकूड आकसतं, धातूचे फ्रेट, म्हणजे नेकवरच्या आडव्या पट्ट्या, आकसत नाहीत, म्हणून टोकं बाहेर येतात. लाकूड नीट वाळवलेलं नसेल तर हे लवकर होतं, पण महागड्या गिटारचीही यातून सुटका नाही. कानसीनं टोकं घासून गोल करता येतात. आधी फिंगरबोर्डवर, म्हणजे फ्रेट बसवलेल्या फळीवर, टेप लावायची. फेंडरच्या वरच्या अमेरिकन मॉडेल्समध्ये फिंगरबोर्डची कडही गोलसर केलेली असते. मेक्सिकोतल्या एन्सेनाडा कारखान्यातल्या साध्या मॉडेल्सवर 2024 पर्यंत सहसा हे काम होत नव्हतं. जास्तीच्या पैशातला काही भाग इथे जातो.

नटकडे, म्हणजे हेडस्टॉकपाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीकडे, मात्र कमी लोक बघतात. तार तिसऱ्या फ्रेटमागे दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट राहते का बघायचं. फट जास्त असेल, तर पहिल्या दोन-तीन फ्रेटवर सूर चढा लागतो. खाच खोल करणं हे कौशल्याचं काम, म्हणून स्वस्त गिटारमध्ये ती मुद्दाम उंच सोडतात. फार खोल गेली तर मोकळी तार खणखणते आणि नट बदलावा लागतो किंवा खाच भरावी लागते.

[दृश्य: मागचं झाकण काढलेली स्ट्रॅट]

आता ट्रेमोलो ब्लॉक, म्हणजे दांडी हलवून सूर बदलणाऱ्या यंत्रणेतला धातूचा ठोकळा. महागड्या स्ट्रॅटमध्ये (फेंडरचं स्ट्रॅटोकास्टर मॉडेल) तो बहुधा जाड पोलादी असतो, स्वस्तात ओतीव जस्ताचा आणि पातळ. जस्तात आटे लवकर झिजतात, मग दांडी डुगडुगते. बदलायचा असेल तर आधी ब्रिजवर, म्हणजे तारा बॉडीवर टेकतात त्या भागावर, पहिल्या आणि सहाव्या तारेतलं अंतर मोजा. स्वस्त मॉडेल्सवर ते बऱ्याचदा 52.5 मिलिमीटर असतं, जुन्या अमेरिकन पद्धतीच्या ब्रिजवर सुमारे 56. हे न मोजता ब्रिज मागवला की स्क्रूची भोकं जुळत नाहीत.

पॉटचंही, म्हणजे आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागाचंही, तसंच. लहान 16 मिलिमीटरचा पॉट काढून मोठा अमेरिकन बसवायचा, तर पिकगार्डचं, म्हणजे बॉडीवरच्या पातळ पत्र्यासारख्या आवरणाचं, भोक साडेनऊ मिलिमीटरपर्यंत वाढवावं लागतं. दोन्ही 250 किलोओहमचे असतील तर आवाजात फारसा फरक पडत नाही. फिरवताना जाणवणारा गुळगुळीतपणा आणि टिकाऊपणा यांसाठी हा बदल करायचा.

[दृश्य: फीलर गेजनं मोजमाप]

नेकचा बाक तपासताना पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, शेवटचा फ्रेट दाबा. साडेनऊ इंच रेडियसच्या (फिंगरबोर्डच्या गोलाईच्या) नेकवर आठव्या फ्रेटपाशी पाव मिलिमीटर फट हवी. कॅपो काढून सतराव्या फ्रेटवर तारेची उंची सुमारे 1.6 मिलिमीटर. एवढं करूनही एकाच जागी तार खणखणली, तर तिथला पुढचा फ्रेट बहुधा उंच बसलाय. तो ठोकून किंवा घासून बसवता येतो. पण जुन्या गिटारचा ट्रस रॉड (नेकचा बाक सावरणारी आतली दांडी) शेवटपर्यंत आवळलेला असूनही नेक वाकलेलाच असेल, तर हेडस्टॉकवर कोणताही देश असो, ती घेऊ नका.