सेंट पॉलच्या पायाखालचे चर्च

लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलचा घुमट पाहायला रोज हजारो लोक येतात. पण मध्ययुगात याच जागी, जुन्या कॅथेड्रलच्या पूर्व टोकाला लागून, सेंट फेथ नावाचे एक वेगळे चर्च उभे होते, याची कल्पना त्यांतल्या फार थोड्यांना असते. कॅथेड्रल होते बिशपचे. सेंट फेथ मात्र आजूबाजूच्या गल्लीबोळांत राहणाऱ्यांचे. त्यांच्या मुलांचा बाप्तिस्मा तिथे होई, लग्ने तिथे लागत आणि अंत्यविधीही तिथेच होत.

१२५६ साली कॅथेड्रल पूर्वेकडे वाढवायचे ठरले आणि वाटेत येणारे सेंट फेथ पाडण्यात आले. इमारत गेली, तरी धर्मग्राम, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतली वस्ती, मोडला नाही, कारण त्याची हद्द, त्याचे हक्क आणि त्याची माणसे जिथल्या तिथे होती. या माणसांना कुठे तरी जागा देणे भाग होते. अखेर कॅथेड्रलच्या नव्या वाढीव भागाखालच्या तळघरात त्यांची सोय लावण्यात आली आणि पुढची सुमारे चारशे वर्षे सेंट फेथचे लोक कॅथेड्रलच्या फरशीखाली प्रार्थनेला जमत राहिले. १५५१ मध्ये, धर्मसुधारणेच्या धामधुमीत तळघरातले जीझस चॅपल रिकामे झाले, तेव्हा ती अधिक मोठी आणि उजेडाची जागा त्यांच्या वाट्याला आली. आपले चर्च देऊन बसलेल्यांच्या पदरात तीनशे वर्षांनी एवढे तरी पडले.

पडद्यावर दिसणारे या तळघराचे चित्र वेन्सेस्लाउस हॉलर या कोरीवकाराचे आहे. विल्यम डगडेल यांच्या १६५८ सालच्या कॅथेड्रलविषयक ग्रंथासाठी त्याने ते तयार केले. एकाला एक जोडल्यासारखे दिसणारे जाडजूड खांब आणि त्यांवरून फुटणाऱ्या दगडी कमानी नीट पाहाव्यात. वरच्या कॅथेड्रलचा सारा भार त्यांच्यावर होता.

या धर्मग्रामात मुख्य वस्ती होती ती पुस्तकांच्या धंद्यातल्या लोकांची. पॅटरनॉस्टर रो आणि सेंट पॉलचे आवार म्हणजे त्या काळच्या इंग्रजी ग्रंथव्यवहाराची पेठच. त्यामुळे सप्टेंबर १६६६ मध्ये शहराला आग लागली, तेव्हा विक्रेत्यांनी आपला माल आपल्याच चर्चमध्ये आणून रचला. दगडी छताखाली, जमिनीच्या पोटात आग पोहोचणार नाही, हा हिशेब तसा चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु कॅथेड्रलची दुरुस्ती चालू असल्याने भोवती लाकडी परांच्या बांधलेल्या होत्या. ४ सप्टेंबरच्या रात्री त्यांनी पेट घेतला, छपरावरचे शिसे वितळले आणि जॉन एव्हलिन या रोजनिशीकाराच्या शब्दांत सांगायचे, तर ते रस्त्यांवरून ओहोळासारखे वाहू लागले. तळघरातली पुस्तके त्यानंतर आठवडाभर जळत होती, असेही तो नोंदवतो.

छत कोसळले आणि त्याखाली पुस्तके गेली, असे सहसा सांगितले जाते. सॅम्युअल पीप्स या त्या काळच्या दुसऱ्या रोजनिशीकाराला त्याच्या पुस्तकविक्रेत्याच्या, म्हणजे कर्टनच्या, नातेवाइकाने सांगितलेली हकीकत मात्र वेगळी आहे: आवारात टाकलेला माल पेटला, ज्वाळा खिडक्यांतून सेंट फेथमध्ये शिरल्या, आत पुस्तकांसह खांबही भाजून निघाले आणि मग वरचे छत खाली आले. ज्यांचा माल गेला त्यांच्या घरातली ही माहिती अधिक विश्वसनीय वाटते. सात-आठ हजार पौंडांचा धनी असलेल्या कर्टनचे होत्याचे नव्हते झाले. उलट डोक्यावर दोन-तीन हजारांचे कर्ज आले. विक्रेत्यांचे एकूण नुकसान दीड लाख पौंडांच्या घरात असल्याचे पीप्सने ऐकले होते.

यानंतर सेंट फेथला स्वतःचे चर्च कधीच मिळाले नाही. १६७० मध्ये हा धर्मग्राम वॉटलिंग स्ट्रीटवरच्या सेंट ऑगस्टीनशी जोडण्यात आला आणि तिथले चर्च वास्तुविशारद क्रिस्टोफर रेन यांनी पुन्हा बांधले. दुसऱ्या महायुद्धात तेही बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाले. त्याच काळात, २९ डिसेंबर १९४० च्या रात्री पॅटरनॉस्टर रोवरची लाखो पुस्तके भस्मसात झाली. सेंट ऑगस्टीनचा मनोरा तेवढा उरला. तो आज कॅथेड्रलच्या गायक मुलांच्या शाळेचा भाग आहे. सेंट ऑगस्टीनच्या पाद्र्याच्या घरी 'फेथ' नावाची मांजर होती, बॉम्बवर्षावात आपल्या पिल्लाला सांभाळल्याबद्दल तिचा पुढे गौरवही झाला, आणि गंमत अशी की सेंट फेथपेक्षा आज ही मांजरच लोकांना अधिक माहीत आहे.

आगीनंतर रेन यांनीच नव्याने बांधलेल्या सेंट पॉल कॅथेड्रलच्या तळघरात आज वेलिंग्टनची कबर आहे. १८०३ साली आताच्या जालना जिल्ह्यातील असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला सेनापती तो हाच. त्याच तळघराच्या पूर्व टोकाचे चॅपल सेंट फेथच्याच नावाने ओळखले जात असे. १९६० पासून ते 'ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर' या किताबाच्या मानकऱ्यांचे चॅपल झाले असून, त्यांच्या कुटुंबांतील लग्ने आणि बाप्तिस्मे आता तिथे होतात.