टॅकल हा शेवटचा उपाय: शाबी अलोन्सो, खेळाडू ते प्रशिक्षक

नमस्कार.

5 ऑक्टोबर 2022 रोजी जर्मनीतील बायर लेव्हरकुसेन या फुटबॉल क्लबने नव्या प्रशिक्षकाचे नाव जाहीर केले, तेव्हा त्यांचा संघ आठ सामन्यांतून अवघे पाच गुण मिळवून बुंडेसलिगाच्या, म्हणजे जर्मनीच्या अव्वल साखळीच्या, अठरा संघांत सतराव्या स्थानी होता. आलेल्या माणसाने तोपर्यंत कोणत्याही देशाच्या अव्वल साखळीत प्रशिक्षक म्हणून एकही सामना हाताळलेला नव्हता. उलट त्याच्या हाताखालचा संघ काही महिन्यांपूर्वीच स्पेनच्या दुसऱ्या श्रेणीतून तिसऱ्या श्रेणीत घसरला होता. नाव झाकून हा अर्ज समोर ठेवला असता, तर कोणत्याही क्लबने तो बाजूला सारला असता. पण अर्जावरचे नाव शाबी अलोन्सो हे होते. त्याची वाटचाल पाहताना, त्याने ज्या ज्या वेळी थांबणे पसंत केले, त्या वेळांकडे आज आपण जास्त लक्ष देणार आहोत.

नावाबद्दल एक खुलासा आधीच करतो. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत 'झाबी' असे छापले जाते. बास्क भाषेत मात्र त्याच्या नावातील X या अक्षराचा उच्चार 'श' असा होतो, म्हणून मी 'शाबी' म्हणणार आहे. ज्यांच्या कानाला झाबीची सवय आहे, त्यांनी तेवढे सांभाळून घ्यावे.

त्याचा जन्म 25 नोव्हेंबर 1981 रोजी स्पेनच्या बास्क प्रदेशातील तोलोसा या गावी झाला. वडील पेरिको अलोन्सो हे रेआल सोसिएदादचे मधल्या फळीतील खेळाडू होते आणि 1981 व 1982 अशी सलग दोन वर्षे स्पॅनिश साखळीचे विजेतेपद पटकावणाऱ्या संघात ते होते. फुटबॉल घरातच होता, असे म्हणून पुढे जाता आले असते. परंतु त्या परिसराकडेही थोडे पाहायला हवे. सान सेबास्तियानमधील अंतिगुओको या मुलांच्या क्लबमध्ये शाबीबरोबर मिकेल आर्तेता खेळत होता आणि आंदोनी इराओलाही त्याच क्लबचा. हे तिघेही पुढे नावाजलेले प्रशिक्षक झाले. गिपुस्कोआसारख्या एका लहानशा प्रांतातून एवढे प्रशिक्षक का निघतात, हा वेगळ्या व्हिडिओचा विषय आहे.

मोठ्या संघातील त्याची खरी सुरुवात जानेवारी 2001 मध्ये झाली. रेआल सोसिएदाद तेव्हा गुणतालिकेच्या तळाशी होता. वेल्सचे जॉन टोशॅक प्रशिक्षक म्हणून परतले, त्यांनी एइबार क्लबकडे लोनवर, म्हणजे काही काळासाठी, पाठवलेल्या शाबीला माघारी बोलावले आणि 19 वर्षांच्या त्या मुलाच्या दंडावर थेट कर्णधाराची पट्टी बांधली. संघ तगला. दोन वर्षांनी, 2002-03 च्या मोसमात, हाच संघ रेआल माद्रिदच्या केवळ दोन गुण मागे राहून उपविजेता ठरला.

2004 च्या उन्हाळ्यात राफाएल बेनितेस यांनी त्याला लिव्हरपूलला नेले आणि पहिल्याच मोसमाच्या शेवटी, 25 मे 2005 रोजी, चॅम्पियन्स लीग या युरोपातील सर्वोच्च क्लब स्पर्धेचा इस्तंबूलचा तो अंतिम सामना झाला. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. मध्यंतराला एसी मिलान 3-0 ने पुढे असल्याचे पाहून अनेकांनी टीव्ही बंद केला असणार. दुसऱ्या सत्रात जेरार्डने एक, श्मित्सरने दुसरा गोल केला आणि साठाव्या मिनिटाला पेनल्टी मिळाली. ती घ्यायला शाबी पुढे आला. त्याने उजव्या पायाने मारलेला चेंडू मिलानचा गोलरक्षक दिदा याने अडवला. परंतु चेंडू हातातून सुटून समोर येताच शाबीने तो डाव्या पायाने जाळ्याच्या छताला मारला. 3-3. लिव्हरपूलने पुढे शूटआऊटमध्ये चषक जिंकला. पेनल्टी हुकल्यावर बहुतेक खेळाडूंचे हात आधी डोक्याकडे जातात. त्याचे पाय मात्र चेंडूमागे गेले होते.

यापेक्षाही मला त्याचा एक कमी महत्त्वाच्या सामन्यातील गोल अधिक बोलका वाटतो. 7 जानेवारी 2006 रोजी एफए चषकात खालच्या श्रेणीतील ल्युटन टाऊनने लिव्हरपूलला जेरीस आणले होते. अखेरच्या क्षणी कॉर्नर मिळाल्यामुळे ल्युटनचा गोलरक्षकही पुढे धावून आला होता. चेंडू शाबीकडे आला तेव्हा तो स्वतःच्याच अर्ध्या मैदानात होता. त्याने मान वर केली, दूरवरचा रिकामा गोल पाहिला आणि चेंडू तिथे पाठवून दिला. सामना 5-3 असा सुटला. शाबी स्वतःच्या अर्ध्यातून गोल करील, अशी पैज लावणाऱ्या एका चाहत्याला त्या दिवशी 25 हजार पौंड मिळाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याने न्यूकॅसलविरुद्धही स्वतःच्या अर्ध्यातूनच गोल केल्यावर हा योगायोग नसल्याचे सर्वांना पटले. चेंडू पायाशी येण्याआधीच मैदानाचा नकाशा डोक्यात असेल, तरच असा गोल करता येतो. ल्युटनचा हा गोल लक्षात ठेवा. आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

2011 मध्ये एका इंग्रजी वर्तमानपत्राला दिलेल्या मुलाखतीत त्याने आपले नवल बोलून दाखवले होते. लिव्हरपूलच्या तरुण खेळाडूंना त्यांची बलस्थाने विचारली, की ते 'टॅकलिंग' (प्रतिस्पर्ध्याच्या पायातला चेंडू हिसकावणे) असे उत्तर देत. टॅकल हा शिकवण्याचा गुण कसा असू शकतो, हे त्याला कळत नव्हते. त्याच्या मते तो हाताशी ठेवायचा शेवटचा उपाय होता. खेळाडू योग्य जागी उभा असेल, तर घसरत जाऊन चेंडू काढण्याची वेळच येत नाही, हा त्यामागचा विचार. तो स्वतः उत्तम टॅकल करत असे, म्हणून या बोलण्याला वजन होते.

खेळाडू म्हणून मिळवलेल्या गोष्टींची यादी मी लांबवत नाही. 2009 ते 2014 रेआल माद्रिद, त्यानंतर तीन मोसम बायर्न म्युनिक आणि या तिन्ही मोसमांत जर्मन साखळीचे विजेतेपद. स्पेनसाठी 114 सामने, दोन युरो चषक आणि 2010 चा विश्वचषक. त्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सच्या डी योंगने त्याच्या छातीवर बूट रोवला होता, ते छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. परंतु आजच्या विषयाच्या दृष्टीने वेगळी यादी महत्त्वाची आहे. बेनितेस, मोरिन्यो, अँचेलोत्ती आणि ग्वार्दिओला यांच्या हाताखाली तो क्लबमध्ये, तर अरागोनेस आणि देल बोस्के यांच्या हाताखाली राष्ट्रीय संघात खेळला. एकमेकांशी क्वचितच जुळणारी ही माणसे. बचावातून खेळ उभा करणे म्हणजे काय, या एका प्रश्नाची सहा उत्तरे त्याने रोजच्या सरावात ऐकली होती.

2017 मध्ये, वयाच्या 35 व्या वर्षी, तो निवृत्त झाला. असे नाव असलेल्या माणसाला एखाद्या मोठ्या क्लबची दारे लगेच उघडली जातात आणि त्यातले बरेच जण वर्षभरात मागच्या दाराने बाहेरही पडतात. शाबीने प्रशिक्षकपदाचा परवाना मिळवला आणि 2018 मध्ये रेआल माद्रिदच्या चौदा वर्षांखालील मुलांना शिकवायला घेतले. पुढच्या वर्षी तो रेआल सोसिएदादच्या 'ब' संघाकडे, म्हणजे ज्याला तिथे लाडाने 'सान्से' म्हणतात त्या संघाकडे, परतला. तिथे तो तीन मोसम राहिला. 2021 मध्ये सान्से दुसऱ्या श्रेणीत पोहोचला, आणि हे 59 वर्षांनी घडत होते. त्याच वर्षी एका जर्मन क्लबशी त्याचे नाव जोडले जात असताना त्याने सोसिएदादबरोबरचा करार वाढवला. पुढच्या मोसमात विशीच्या आसपासची ही मुले वयाने आणि अनुभवाने मोठ्या संघांसमोर टिकली नाहीत आणि संघ पुन्हा खाली गेला. ही पदावनती त्याच्या कारकिर्दीवरील डाग म्हणून सांगितली जाते, पण मला ती त्याच्या शिक्षणातील सर्वांत उपयोगी इयत्ता वाटते. सतत हरणाऱ्या संघाला दर सोमवारी सरावाला कसे उभे करायचे, हे विश्वविजेत्या खेळाडूला एरवी कुठे शिकायला मिळणार?

आता लेव्हरकुसेनकडे येऊ. बायर कंपनीच्या कामगारांनी 1904 मध्ये स्थापन केलेला हा क्लब 'विझेकुसेन', म्हणजे कायमचे उपविजेते, या नावाने हिणवला जात असे. 2000 साली अखेरच्या दिवशी केवळ बरोबरी पुरेशी असताना ते उंटरहाखिंगसारख्या छोट्या संघाकडून हरले. 2002 मध्ये तर साखळी, जर्मन चषक आणि चॅम्पियन्स लीग अशी तीन विजेतेपदे काही आठवड्यांच्या अंतराने हातची गेली. जर्मन साखळीचे विजेतेपद त्यांना तोवर एकदाही मिळालेले नव्हते.

शाबीने पहिला सामना शाल्केविरुद्ध 4-0 ने जिंकला. परंतु त्यानंतर लगेच जादू झाली नाही. पराभव झाले, बचाव घट्ट करावा लागला आणि मोसमाअखेर संघ सहावा आला. युरोपा लीगच्या, म्हणजे युरोपातील दुसऱ्या क्रमांकाच्या क्लब स्पर्धेच्या, उपांत्य फेरीत त्याला रोमाने, म्हणजे तेव्हा रोमाचा प्रशिक्षक असलेल्या त्याच्या जुन्या गुरूने, मोरिन्योने, एका गोलने रोखले. 2023 च्या उन्हाळ्यात मात्र त्याने संघाची बांधणी हवी तशी केली. आर्सेनलकडून ग्रानित झाका आला, आणि बेन्फिकाबरोबरचा करार संपल्यामुळे आलेहांद्रो ग्रिमाल्दो विनामोबदला मिळाला.

या संघाची रचना समजून घेण्यासारखी आहे. मागे तीन बचावपटू, त्यांच्यापुढे झाका आणि पालासिओस असे दोघे. हे पाच जण चेंडू आपापसात आखूड पासांनी फिरवत ठेवत. दोन्ही कडांना ग्रिमाल्दो आणि फ्रिम्पाँग मैदानाची रुंदी ताणून धरत, तर व्हिर्ट्झ आणि त्याचा जोडीदार आघाडीवीराच्या मागे, दोन फळ्यांमधल्या पोकळीत उभे राहत. प्रतिस्पर्धी चेंडूच्या मोहाने पुढे आला, की मागची पोकळी वाढे आणि पास थेट व्हिर्ट्झकडे जाई. तो पुढे आला नाही, तर त्याला नव्वद मिनिटे चेंडूमागे सरकत राहावे लागे. शेवटच्या दहा मिनिटांत लेव्हरकुसेन एवढे गोल कसे करतो, याला त्या वर्षी अनेकांनी नशीब म्हटले. काही अंशी ते असेलही. परंतु 80 मिनिटे पळवून दमवलेल्या संघाच्या पायांत शेवटी ताकद उरत नाही, हा साधा हिशेबही त्यात होता. युरोपा लीगमध्ये काराबागविरुद्ध आघाडीवीर पॅट्रिक शिकने भरपाई वेळेत दोन गोल करून सामना 3-2 असा फिरवला, तो याच पद्धतीचा टोकाचा नमुना.

10 फेब्रुवारी 2024 रोजी बायर्न म्युनिक लेव्हरकुसेनला आला. बायर्ननेच लोनवर दिलेल्या स्तानिशिचने पहिला गोल केला आणि ग्रिमाल्दोने दुसरा. भरपाई वेळेत बायर्नला कॉर्नर मिळाला, तेव्हा त्यांचा गोलरक्षक मानुएल नॉयर पुढे धावत आला. चेंडू निसटून फ्रिम्पाँगकडे गेला आणि त्याने बऱ्याच अंतरावरून तो रिकाम्या गोलात धाडला. 3-0. ल्युटनचा गोल लक्षात ठेवायला मी का सांगितले होते, ते आता कळले असेल.

14 एप्रिल रोजी वेर्डर ब्रेमेनला 5-0 ने हरवून, पाच सामने शिल्लक असतानाच, लेव्हरकुसेन विजेता झाला. व्हिर्ट्झने तीन गोल केले आणि तिसऱ्या गोलनंतर प्रेक्षक मैदानात उतरले ते उतरलेच. बायर्नची सलग अकरा विजेतेपदांची साखळी तुटली. 34 सामन्यांत 28 विजय, 6 बरोबरी, पराभव शून्य. बुंडेसलिगाच्या इतिहासात हे कोणालाही साधले नव्हते. सर्व स्पर्धा धरून 51 सामने अपराजित राहिल्यावर डब्लिनला युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात अतलांताने त्यांना 3-0 ने नमवले. तिन्ही गोल लुकमनचे. तीनच दिवसांनी बर्लिनमध्ये, दहा खेळाडूंनिशी, झाकाच्या एका गोलवर त्यांनी जर्मन चषक जिंकला.

त्या वसंतात लिव्हरपूल आणि बायर्न या त्याच्या दोन्ही जुन्या क्लबांना नवा प्रशिक्षक हवा होता आणि दोन्हीकडे त्याचेच नाव घेतले जात होते. मार्चअखेर त्याने पत्रकारांना सांगितले, की तो लेव्हरकुसेनलाच थांबणार आहे. चेंडू पायाशी असताना पास न देता आणखी एक क्षण वाट पाहण्याची जी सवय खेळाडू म्हणून होती, तीच मला या निर्णयात दिसते.

मे 2025 मध्ये मात्र रेआल माद्रिदने बोलावले आणि त्याने 2028 पर्यंतचा करार केला. तिथे वाट पाहण्याची चैन नव्हती. मोसमाची पूर्वतयारी होण्याआधीच संघाला अमेरिकेत क्लब विश्वचषक खेळावा लागला आणि उपांत्य फेरीत पॅरिस सेंट जर्मेनने 4-0 ने धुव्वा उडवला. शरद ऋतूत निकाल चांगले होते. 26 ऑक्टोबरला बार्सिलोनालाही 2-1 ने हरवले. पण त्याच सामन्यात 72 व्या मिनिटाला बदलल्याचा राग धरून माद्रिदचा आघाडीवीर व्हिनिसियस तणतणत थेट आत निघून गेला. नंतर त्याने जाहीर माफी मागितली. त्या निवेदनात सहकारी, क्लब आणि अध्यक्ष यांचा उल्लेख होता, प्रशिक्षकाचा नव्हता. माझ्या मते त्या कागदावर पुढचे सगळे लिहिलेले होते. नोव्हेंबरात सलग तीन साखळी सामने बरोबरीत सुटले आणि आघाडी बार्सिलोनाकडे गेली.

11 जानेवारी 2026 रोजी जेद्दाहमध्ये स्पॅनिश सुपर चषकाच्या अंतिम सामन्यात माद्रिद बार्सिलोनाकडून 3-2 ने हरला आणि दुसऱ्या दिवशी परस्परसंमतीने करार संपल्याची घोषणा झाली. त्याने 34 सामने हाताळले होते: 24 विजय, 4 बरोबरी, 6 पराभव. सतराव्या स्थानावरच्या लेव्हरकुसेनने त्याला जेवढा वेळ दिला, तेवढा वेळ चारपैकी जवळजवळ तीन सामने जिंकूनही माद्रिदमध्ये मिळाला नाही. त्याच्या जागी अल्वारो अर्बेलोआची नेमणूक झाली. 2009 च्या उन्हाळ्यात लिव्हरपूल सोडून हे दोघे काही दिवसांच्या अंतराने माद्रिदला आले होते.