उपग्रहाचं नाव आणि गाव

श्रोतेहो, नमस्कार. अनोळखी माणूस भेटला की आपण नाव विचारतो, लगेच गावही विचारतो. दूरचित्रवाणीच्या उपग्रहालाही हेच दोन प्रश्न विचारावेत. त्यातला गावाचा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो.

१९६५ साली सुटलेल्या उपग्रहाचं लाडकं नाव 'अर्ली बर्ड', कागदोपत्री नाव इंटेलसॅट-१ आणि आंतरराष्ट्रीय नोंदीतलं नाव १९६५-०२८ए. वर्ष, त्या वर्षातल्या उड्डाणाचा क्रम, शेवटी अक्षर. मालक बदलला तरी ही नोंद बदलत नाही. पण डिश कुठे वळवायची हे तिच्यातून कळत नाही. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर हे उपग्रह पृथ्वीच्याच वेगानं फिरतात, म्हणून खालून एका जागी खिळल्यासारखे दिसतात. ती जागा रेखांशात सांगतात, आणि तेच त्यांचं गाव.

युरोपात दूरचित्रवाणी पोचवणाऱ्या ॲस्ट्रा उपग्रहांच्या नावात हे गाव थोडं डोकावतं. १ए, १बी, १सी हे सगळे १९.२ अंश पूर्वेला एकत्र नांदले. एकच डिश त्या सगळ्यांना पुरायची. २ हा आकडा २८.२ अंशाच्या वस्तीचा. तरीही २सी आधी १९.२ वरच कामाला लागला!

युटेलसॅट या युरोपातल्या उपग्रह कंपनीनं २०१२ मध्ये सरळ अंशच नावात घातले. युरोबर्ड-१ हा युटेलसॅट २८ए झाला. मला ही पद्धत मनापासून आवडते, नाव ऐकताच डिश कुठे फिरवायची ते समजतं. अडचण एकच: उपग्रह जागा बदलतो. हाच उपग्रह पुढे ३३ अंशावर नेला, आणि त्याचं तिसरं बारसं झालं, युटेलसॅट ३३सी. पुन्हा बारसं करणं त्रासाचं खरं, पण चुकीचा पत्ता नावात मिरवण्यापेक्षा ते बरं.

वाहिन्यांचं प्रकरण अधिक नाजूक आहे. डीव्हीबी या डिजिटल प्रसारणाच्या पद्धतीत पडद्यावर दिसणारं वाहिनीचं नाव सिग्नलबरोबरच येतं. प्रसारकानं ते बदललं की आपल्याकडेही बदलतं. सेट-टॉप बॉक्सचा खरा भरवसा तीन आकड्यांवर असतो: मूळ नेटवर्कचा, ट्रान्सपोर्ट स्ट्रीमचा, म्हणजे एकत्र येणाऱ्या वाहिन्यांच्या गठ्ठ्याचा, आणि त्या सेवेचा, म्हणजे वाहिनीचा. दोन वाहिन्यांचं नाव एकच असलं तरी या आकड्यांवरून बॉक्स त्या वेगळ्या ओळखतो. वाहिनी दुसऱ्या ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे उपग्रहावरच्या सिग्नल परत पाठवणाऱ्या दुसऱ्या यंत्रावर गेली, की यादीत जुनं नाव तसंच राहतं आणि पडदा काळा दिसतो. तेव्हा डिशला दोष देण्याआधी वाहिन्यांचा शोध पुन्हा चालवून पाहावा.

म्हणून मी वहीत आधी अंश लिहितो, मग फ्रिक्वेन्सी, पोलरायझेशन, म्हणजे लहरींच्या कंपनाची दिशा, व्हर्टिकल की हॉरिझॉन्टल, मग सिम्बॉल रेट, म्हणजे सिग्नलमधून माहिती येण्याचा वेग. हे सगळं शाईनं. वाहिनीचं नाव शेवटी, पेन्सिलीनं.